टिटवीच्या नोकरीविरुद्धची मोहीम

४ फेब्रुवारी
आज युद्ध सुरू झालं. तारीख मुद्दाम लिहून ठेवतो, पुढे तज्ज्ञांमध्ये वाद नकोत. टीव्हीवरचा तो पांढऱ्या मिशांचा निवृत्त ब्रिगेडियर पुस्तकांच्या कपाटासमोर बसून युद्धाला नेमकं तोंड कधी फुटलं यावरच निम्मा भाग खातो.

घटना अशी. जेवताना टिटवीने सांगितलं की तिला नोकरी लागली. बंदरावर. जहाजांतून माल उतरवणाऱ्या क्रेन बिघडल्या की दुरुस्त करायच्या. बंदर इथून रेल्वेने एक दिवस आणि वर एक रात्र. दोन मार्चला हजर व्हायचं. हे सगळं मीठ मागावं तशा सुरात. मी म्हणालो, विचार करू. ती म्हणाली, मी केलाय, बाबा. बायकोने विचारलं, आणखी वाढू का? कोणाला विचारलं ते कळलं नाही. दोघांनीही नको म्हटलं.

टिटवी म्हणजे माझी मुलगी. पाळण्यात असताना जो आवाज लावायची त्यावरून मीच ठेवलेलं नाव. आता इंजिनियर आहे. आवाज तोच.

माझा विरोध तत्त्वाचा आहे, भावनेचा त्यात काडीचा संबंध नाही. आपल्या शहरात काय क्रेन नाहीत? त्या काय बिघडत नाहीत? मी स्वतः लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागात आहे. लिफ्ट म्हणजे भिंतीत बसवलेली क्रेनच. साहेबांकडे शब्द टाकून तिला चिकटवून घेतलं असतं. हे बोलून दाखवलं तर म्हणाली, लिफ्टमध्ये नुसतं वरखाली असतं हो.

निश्चय: हे युद्ध जिंकायचं. आवाज न चढवता, डोक्याने. इतकी वर्षं युद्धांच्या डॉक्युमेंटऱ्या पाहिल्या त्या काय झोप येत नाही म्हणून?

५ फेब्रुवारी
विचारविनिमय. स्वतःशीच.

आमच्या घरातली व्यवस्था अशी आहे. जेवणं झाली की मी टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसतो. नकाशा येतो. लाल बाण, निळे बाण. जाहिरात लागली की मी समजावून सांगतो, कारण निवेदकाला फक्त आवाज आहे, अक्कल नाही. टिटवी सोफ्यावर पाय घेऊन बसते आणि नेमके प्रश्न विचारते. मग यांनी नदी का नाही ओलांडली? घोड्यांना पाणी कोण देत होतं? लढाईच्या देखाव्यात दर वेळी तेच सात घोडे फिरवून फिरवून दाखवतात, हे तिने शाळेत असताना पकडलं होतं. बायको टीव्हीकडे पाठ करून कपड्यांच्या घड्या घालते. तिचं म्हणणं, मेलेल्या माणसांची भांडणं कशाला बघायची, जिवंतांची काय कमी आहेत?

आज टिटवी मोबाइलवर बंदराचे फोटो बघत होती. मी तोफखान्याबद्दल बोलत होतो. तिने एकही प्रश्न विचारला नाही. लाल बाण निळ्या बाणांना वळसा घालून गेले आणि कोणाला त्याचं काही नाही.

पहिला टप्पा ठरला. मानसिक युद्ध. शत्रूचं मनोधैर्य खच्ची करायचं.

७ फेब्रुवारी
मानसिक युद्ध सुरू. सकाळी चहा पिताना सहज बोलावं तसं समुद्राबद्दल बोललो. खारी हवा. लोखंडाला गंज. गंजलेला दोर तुटून क्रेन कोसळल्याची एक कल्पित घटना तपशिलासकट सांगितली. टिटवी चहा विसरून ऐकत होती. पक्कं घाबरवलं असं वाटलं.

संध्याकाळी घरी आलो तर ती गंजावरचं जाडजूड पुस्तक घेऊन बसलेली. म्हणाली, बाबा, बरं झालं सकाळी बोललात, तिथे खरंच हाच मोठा प्रॉब्लेम आहे, आता पहिल्याच दिवशी इम्प्रेशन पडेल.

शत्रूला दारूगोळा मीच पुरवला. असो. पहिल्या चकमकीवरून युद्धाचा निकाल लावायचा नसतो.

१० फेब्रुवारी
ऑफिसमध्ये विनाकारण कटकट. एक दंतवैद्य चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकले. आमच्या तक्रार नंबरवर फोन आला, मी घेतला. माणूस फार घाबरलेला. धीर देणं माझं कर्तव्य होतं. मी त्यांना वेढ्यात सापडलेल्या एका किल्ल्याची गोष्ट सांगितली. आतल्या लोकांनी घोडे खाल्ले, मग उंदीर, मग चामड्याचे पट्टे, पण दार उघडलं नाही. दंतवैद्य म्हणाले, अहो पण मेकॅनिक कधी येतोय? तेव्हा लक्षात आलं की मेकॅनिकला पाठवायचं राहिलंच.

साहेबांनी बोलावून घेतलं. विचारलं, उंदरांचं काय प्रकरण आहे? मी संदर्भ समजावून सांगू लागलो. त्यांनी हात वर केला. ज्यांना इतिहास माहीत नाही त्यांच्या हाताखाली काम करणं ही एक वेगळीच शिक्षा आहे.

पण एक लिहून ठेवतो. दंतवैद्यांनी मध्ये फोन ठेवला नाही. शेवटपर्यंत ऐकलं.

११ फेब्रुवारी
दुसरा टप्पा. रसद तोडणे. सैन्य पोटावर चालतं, तसा प्रवासी बॅगेवर. घरात मोठी बॅग एकच. ती आज मी माझ्या जुन्या युद्धविषयक मासिकांनी गच्च भरली आणि पलंगाखाली सारली. कोणी विचारलं तर सांगायचं, बॅग रिकामी नाही. बॅगेशिवाय जाणार कशी? साधी, सुंदर, रक्तहीन योजना.

१३ फेब्रुवारी
बॅग रिकामी आहे.

बायको चष्म्याच्या दुकानात काऊंटरला असते. आज तिची सुट्टी होती. म्हणाली, तुम्ही सगळी मासिकं एका ठिकाणी भरून ठेवलीत ते फार बरं केलंत, रद्दीवाला खालीच उभा होता, मला नुसती ओतायची होती. वर म्हणाली, इतकी वर्षं सांगत होते, शेवटी ऐकलंत.

सगळे अंक गेले. रणगाड्यांचा विशेषांकसुद्धा. मी ओरडलो नाही. टिटवी बॅग पुसत होती. म्हणाली, थँक यू बाबा, माझ्यासाठी एवढं केलंत.

डोकं दुखतंय. युद्धात कागदपत्रं नष्ट होतातच. पण ती शत्रूने करायची असतात.

१५ फेब्रुवारी, रविवार
मित्रराष्ट्राला पाचारण केलं. मित्रराष्ट्र म्हणजे माझे थोरले बंधू. आयुष्यभर स्टेशनमास्तर होते. आवाज असा की फलाटाच्या त्या टोकाचा माणूस इथे वळून बघेल. दादा जे म्हणतील त्याला घरात कोणी नाही म्हणत नाही. मी फोनवर सगळं नीट पढवलं होतं. चहा झाला की गंभीर चेहरा करायचा आणि म्हणायचं, पोरी, इतक्या लांब जायचं काही कारण नाही.

दादा आले. चहा झाला. चेहरा गंभीर केला. म्हणाले, पोरी, इतक्या लांब जायचं...

आणि थांबले. मग विचारलं, कुठल्या गाडीने?

टिटवीने सांगितलं, सकाळच्या. दादांचा चेहरा एकदम दुखावला. म्हणाले, सकाळच्या? छे छे. कुणी सांगितलं तुला? ती जंक्शनला अर्धा तास रखडते, इंजिन बदलतात. संध्याकाळची घे. खालचा बर्थ. खिडकी उजव्या हाताची, म्हणजे सकाळी खाडीवरचा पूल दिसेल. पूल आला की पुस्तक बाजूला ठेव, तो पूल बघायचाच.

मी दोनदा खाकरलो. दादा म्हणाले, पाणी पी रे. संध्याकाळपर्यंत दोघं टाइमटेबल घेऊन बसलेले. जाताना दादांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तिकिटाची काळजी करू नकोस, ते मी बघतो.

मित्रराष्ट्र फितूर. आणि तेही गाडीच्या नावाखाली. हा माझ्या पाठीत खुपसलेला सुरा आहे आणि त्यावर आरक्षणाचा शिक्का आहे.

१८ फेब्रुवारी
आता शस्त्र एकच उरलं. वाणी. कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली मी उगाच आणल्या नव्हत्या. युनियनच्या सभेत मी उभा राहिलो की मागच्या रांगेतले लोक बाहेर जाता जाता थांबायचे.

जेवण झाल्यावर उभा राहिलो. टीव्ही स्वतः बंद केला. म्हणालो, माणूस कशाच्या बळावर उभा राहतो? घराच्या! घर म्हणजे चार भिंती नव्हेत, घर म्हणजे आपली आघाडी! आघाडी सोडून जाणाऱ्याला इतिहास विचारत नाही, कुठे चाललास, तो विचारतो, कोणाला मागे ठेवून चाललास? क्रेन कोणीही दुरुस्त करील! पण या सोफ्यावरची ही जागा, या घरातला हा आवाज...

इथे माझा घसा बसला. धुळीमुळे.

टिटवी माझ्याकडे एकटक बघत होती. नेहमीसारखी हसलीही नाही. उठून आत गेली. बायको म्हणाली, उभेच आहात तर कुकरखालचा गॅस बंद करा.

भाषण वाया गेलं. संपूर्ण वाया. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. माणसं टाळ्या नसतील वाजवत, पण निदान जांभई देत.

२० फेब्रुवारी
सापडलं!

आज नदीकाठच्या त्या जुन्या लढाईचा भाग लागला. सेनापतीचं सैन्य कमी, समोर शत्रू अफाट. त्याने काय केलं? मधली फळी मुद्दाम मागे घेतली. शत्रूला वाटलं हे पळाले. तो जोशात पुढे घुसला. आणि मग डाव्या आणि उजव्या बगलेने त्याला गपकन मिठी मारली. संपलं. ब्रिगेडियरच्या मिशासुद्धा थरथरत होत्या.

मी आतापर्यंत चुकत कुठे होतो? समोरून रेटत होतो. आता मधली फळी मागे घ्यायची. मी उद्या म्हणायचं, जा. हसतमुखाने. टिटवी बेसावध होणार. बाप इतक्या सहज हो म्हणाला या धक्क्याने तिच्याच मनात चलबिचल. त्याच क्षणी डावी बगल, म्हणजे बायको, आईच्या काळजाने ढसाढसा रडणार. उजवी बगल, म्हणजे दादा. फितूर झाले असले तरी त्यांना ब्लडप्रेशर आहे. ऐनवेळी ते वाढू शकतं. मग टिटवी स्वतःच म्हणणार, नको बाबा, मी नाही जात.

बगलांना योजना सांगायची नाही. गुप्तता! नदीकाठच्या सेनापतीने घरोघर सांगत फिरून लढाई जिंकली असेल का?

२१ फेब्रुवारी, शनिवार
मधली फळी ठरल्याप्रमाणे मागे घेतली. सकाळी चहाच्या वेळी. म्हणालो, टिटवे, मी नीट विचार केला. तू जा. मनापासून सांगतो. माझी काही हरकत नाही.

माघार अप्रतिम जमली. मलाच खरी वाटली.

टिटवी कप ठेवून उठली. आता चलबिचल दिसणार म्हणून मी निरखून बघत होतो. ती सरळ माझ्याकडे आली, खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडली. खूप. लहानपणी लिफ्टच्या दारात बोट चेमटलं होतं तेव्हासारखी. मी हात कुठे ठेवावा ते कळेना. शत्रू खांद्यावर डोकं ठेवून रडतोय अशी परिस्थिती एकाही भागात दाखवलेली नाही.

डाव्या बगलेकडे बघितलं. बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हटलं आता! ती म्हणाली, मला नव्हतं वाटलं हो तुमचं मन इतकं मोठं आहे. आणि पदराने डोळे पुसून कणीक मळायला गेली, गुणगुणत.

उजव्या बगलेचा फोन आला. शाबास, म्हणाले. खालचा बर्थ मिळाला, म्हणाले. ब्लडप्रेशर एकदम नॉर्मल.

शत्रू आत घुसलाय. बगला मिटत का नाहीत?

२२ फेब्रुवारी, रविवार
बगला हाताने मिटवण्याचा प्रयत्न. टिटवी मैत्रिणींकडे गेली होती. बायकोला म्हणालो, तू जरा रड ना. ती म्हणाली, काल रडले की. म्हणालो, तसं नाही, तिच्यासमोर, जाऊ नको म्हणून. तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं.

मग मला सगळं सांगावं लागलं. नदी, मधली फळी, बगला. ओट्यावर बोटाने पीठ ओढून बाणही काढून दाखवले. तिने ते बाण नीट बघितले. म्हणाली, म्हणजे तुम्ही जा म्हणालात ते खोटं होतं? मी म्हणालो, खोटं नव्हे, डावपेच. ती म्हणाली, पोरीला हे कळलं तर ती आयुष्यात तुमच्या कुठल्याही होकारावर विश्वास ठेवणार नाही. खबरदार तोंडातून शब्द काढाल तर. आणि फडक्याने सगळे बाण पुसून टाकले.

वर हेही म्हणाली, तुमचा तो सेनापती शेवटी हरला, माहितीय ना? मी म्हणालो, काहीतरी बोलू नकोस. ती म्हणाली, सगळे शेवटचे भाग मीच बघते, तुम्ही तोवर घोरत असता. नदीकाठची ती लढाई जिंकला तो, युद्ध हरला. आणि शेवटी घरदार सोडून परक्या मुलखात मेला.

पाठ करून बसणाऱ्या माणसाला एवढं दिसतं कसं?

अर्थात यात माझ्या योजनेला बाध येत नाही. लढाई तर जिंकला ना तो? मला एक लढाई पुरे आहे.

२४ फेब्रुवारी
आजचं लिहिण्याची इच्छा नाही. पण इतिहासाशी प्रामाणिक राहिलं पाहिजे.

संध्याकाळी टिटवी सोफ्यावर येऊन बसली. टीव्ही चालू होता, तिने आवाज बारीक केला. म्हणाली, बाबा, एक सांगू का, आता सांगायला हरकत नाही. त्या दिवशी तुम्ही उभं राहून बोललात ना, आघाडी आणि सोफा आणि ते, त्यानंतर माझा पायच निघेना. मी ठरवलं होतं, नाही जायचं. सोमवारी सकाळी त्यांना फोन करून नाही म्हणून कळवणार होते. आणि शनिवारी तुम्ही आपणहून जा म्हणालात. तुमचे डोळे बघून कळलं, तुम्हाला किती जड गेलं ते. बरं झालं बाबा. मला खरं तर फार जायचं होतं.

मी नकाशाकडे बघत होतो. लाल बाण कुठे चालले होते देव जाणे.

म्हणजे मी जिंकलो होतो. बुधवारीच. भाषणाने! समोरचा पांढरं निशाण शोधत होता आणि मी, जिंकलेल्या किल्ल्याचा सेनापती, दार उघडून म्हणालो, या, आत या, चहा घ्या.

ही खबर मला वेळेत मिळायला हवी होती. घरातलं हेरखातं बायकोकडे आहे. तिला जाब विचारला, तुला माहीत होतं? म्हणाली, होतं. मग बोलली का नाहीस? म्हणाली, मलाही तिनं जायला हवं होतं. आणि माझा शर्ट इस्त्रीला घेतला.

डाव्या बगलेने मधल्या फळीला हाताला धरून खड्ड्यापर्यंत नेलं. असं युद्ध कोणी लढावं?

२६ फेब्रुवारी
निर्णय. खरं सांगून टाकायचं. माघार खोटी होती, होकार परत घेतो, विषय संपला. अजून वेळ गेलेली नाही. मन वळलेलं माणूस पुन्हा वळू शकतं. बायकोच्या धमक्यांना मी भीत नाही. ती दुकानात गेल्यावर टिटवीच्या खोलीत गेलो.

पलंगभर कपडे. जाड तळव्यांचे बूट. हेल्मेट. टिटवी बॅगेशी झटत होती, झाकण बसेना. मी म्हणालो, टिटवे, मला तुझ्याशी एक महत्त्वाचं बोलायचंय. ती म्हणाली, बोला ना, पण आधी जरा यावर बसता का? माझं वजन पुरत नाही.

बसलो.

चेन लागली. ती खाली बसून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत गेली, कपाळावर घाम, जीभ दातांत धरलेली. झालं, म्हणाली. आणि इतकी हसली. मग विचारलं, काय बोलायचं होतं बाबा?

मी म्हणालो, हेल्मेट हातातच ठेव, बॅगेत चेपेल.

रणांगणावर क्षणार्धात निर्णय बदलावे लागतात. आज तसा बदलला. यात कमजोरी नाही.

२८ फेब्रुवारी
स्टेशन. दादा आमच्या आधी येऊन उभे. इंजिन कुठल्या बाजूला लागणार यावर फलाटावरच्या हमालाशी त्यांचा वाद चालू होता. बायको टिटवीला डबे दाखवत होती, हा आज, हा उद्या सकाळी, हा उघडताना जपून.

मी निरोपाचं भाषण तयार केलं होतं. छोटं, पण जळजळीत. सुरुवात होती, कन्ये, प्रत्येक मोहिमेला एक पहाट असते. गाडी लागली, टिटवी चढली, खिडकीत आली. उजव्या हाताची. मी घसा साफ केला. शिट्टी झाली. दादा म्हणाले, अगदी वेळेवर सुटली बघ. गाडी हलली. टिटवी हात हलवत होती. मी चालत चालत म्हणालो, कन्ये... मग ओरडलो, पाणी विकत घेऊन पी!

बस. एवढंच ऐतिहासिक वाक्य.

परत येताना बायको टॅक्सीत मोठ्याने रडली. आता! सात दिवस उशिराने डावी बगल मिटली. आत शत्रू नव्हता. मीच होतो.

३ मार्च
परिस्थितीचा थंड डोक्याने आढावा घेतला. शत्रूने भूभाग रिकामा केला आहे. खोली आता संपूर्णपणे माझ्या ताब्यात. लष्करी दृष्टीने याला विजय म्हणतात. तिथे वॉर रूम करणार. भिंतभर नकाशा, टेबल, दिवा. रविवारी सुतार बोलावतो.

संध्याकाळी जागा मोजायला गेलो. बायकोने कपडे वाळवायचा स्टँड आधीच आत लावलाय. म्हणाली, ऊन चांगलं येतं इथे. मी आवाज चढवला. तीही चढवू शकते, हे विसरलो होतो.

टीव्हीवर बर्फातली मोहीम होती. जाहिरातीत मी सोफ्याकडे वळून म्हणालो, आता याची घोडचूक काय झाली, सांग. सोफ्यावर घड्या घातलेल्या चादरी होत्या. बायकोला म्हणालो, तू बस की इथे. ती बसली. प्रामाणिकपणे टीव्हीकडे तोंड करून. थोड्या वेळाने म्हणाली, यांचे मोजे किती ओले झाले असतील. मग म्हणाली, मी जरा आडवी होते.

टिटवीचा फोन रोज येतो. बायकोच्या मोबाइलवर. मी बाहेरून एक बाजू ऐकतो. हो का. अगं बाई. किती उंच? मग मला सांगते, मजेत आहे. युद्धपत्रकार म्हणून हिचा काही उपयोग नाही.

५ मार्च
साहेबांनी मला फोन घ्यायच्या कामावरून काढलं. तक्रार करणाऱ्या एक बाई लिफ्टमध्ये अडकल्या होत्या आणि मी त्यांना बर्फातली माघार सांगत होतो. मेकॅनिक या वेळी आधीच पाठवला होता. दहा मिनिटांत पोचलासुद्धा. त्यांची सुटका झाली तरी मी बोलतच होतो, हा माझा गुन्हा. साहेब म्हणाले, उद्यापासून स्पेअर पार्टच्या गोदामात बसा. तिथे माणसं नाहीत. नुसते दोर आणि पुल्या.

टिटवीला हे कळवू नको असं बायकोला बजावलं. तिने विचारलं, का? मी म्हणालो, मोहिमेवरच्या सैनिकाला घरच्या बातम्या द्यायच्या नसतात.

निश्चय: रविवारी टिटवीशी मी स्वतः बोलणार. सविस्तर. बायकोला सांगून ठेवलंय, पहिला मी. बंदराचं सामरिक महत्त्व, क्रेन आणि आरमार यांचा संबंध, नवख्या प्रदेशात स्थानिकांची मनं कशी जिंकावीत. तीन भागांत मांडणी. आरशासमोर म्हणून बघितलं. उत्तम. मधे प्रश्नांसाठी जागाही सोडली आहे.

८ मार्च, रविवार
सकाळपासून घसा सांभाळला. दाढी केली, फोनला दिसत नाही तरी. जेवायला बसलो नाही. भरल्या पोटाने आवाज जड होतो. बायको एकटी जेवली.

फोन आला. बायकोने ठरल्याप्रमाणे आधी मला दिला. मागे वाऱ्याचा प्रचंड आवाज, कोणीतरी लांबून हाका मारत होतं, लोखंडावर लोखंड आपटत होतं. टिटवी त्याच्या वर ओरडून बोलत होती. नावाला जागली. म्हणाली, बाबा, मी वर आहे, क्रेनवर, इथून सगळं बंदर दिसतंय, दोनच मिनिटं आहेत.

मी म्हणालो, ऐक.

ती म्हणाली, हो बाबा. आणि मग विचारलं, जेवलात का?

तीन भाग तयार होते. सुरुवातही ओठांवर होती.

मी म्हणालो, हो.

आणि फोन बायकोकडे दिला.

जेवलो नव्हतो. पण आपली रसद संपली आहे हे समोरच्याला कळू द्यायचं नसतं.